माती-पाण्याचे खेळ

माती, वाळू, पाणी, मळलेली कणीक, खळ यांच्याशी लहान मुलांना मनसोक्त खेळू देण्याची बालशिक्षणातील पद्धत. साधारण दीड ते सहा वर्षे हे तिचे वय. काही ‘बनवायचे’ बंधन यात नसते. थापणे, चिवडणे, ओतणे, पिळणे हाच खेळ. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी (१९४५) आणि नंतर कोसबाड (१९५७) येथे बालवाड्या चालवताना महागड्या माँटेसरी साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, पाने अशा परिसरातल्याच वस्तू हाताशी घेतल्या. माती-पाण्याचे खेळ त्याच वाटेवरचे आहेत.

गोळा मळताना तळहात आणि मनगटाला जोर लागतो, तर वाटाण्याएवढी गोळी वळताना अंगठा व तर्जनी जुळवून घ्यावी लागतात. पुढे पेन्सिल धरायला हीच बोटे लागतात. उभट पेल्यातले पाणी पसरट ताटलीत ओतले की चार वर्षांच्या मुलाला ते कमी झाले असे वाटते. पाणी तेवढेच आहे हे बहुधा सहा-सात वर्षांनंतर पटते. ते आधी सांगून टाकू नये, पुन्हा पुन्हा ओतू द्यावे. भाषेलाही इथे भरपूर खाद्य मिळते : बुळबुळीत, रवाळ, लिबलिबीत, भुसभुशीत हे शब्द ती वस्तू हातात असतानाच कानावर पडले तर पक्के बसतात.

शाडू चाळून रात्रभर भिजवावा, जादा पाणी काढून हाताला चिकटेनासा होईपर्यंत मळावा आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावा. कणकेसाठी २ वाट्या मैदा, १ वाटी मीठ, २ चमचे तेल घ्यावे व पाणी थोडे थोडे घालावे. एकदम ओतले की चिकटा होतो. सगळे तोंडात घालणाऱ्या मुलांना ही खारट कणीक देऊ नये, कारण जास्त मीठ पोटात जाणे धोक्याचे असते. दोन भाग कॉर्नफ्लोअर व एक भाग पाणी यांचे मिश्रण दाबले की घट्ट होते, सोडले की ओघळते. ते मोरीत ओतल्यास नळी तुंबते. वाळवून कचऱ्यात टाकावे. बांधकामावरची सिमेंट मिसळलेली वाळू वापरू नये.

एका परातीभोवती चारच मुले बसवावीत. गर्दी झाली की खेळ संपून ओढाओढी सुरू होते. बादली-टब खेळ संपताच रिकामे करावेत. मूल बोटभर पाण्यातही बुडू शकते, म्हणून तिथून हलू नये. तीन वर्षांखालील मुलांना शेंगदाणे, हरभरे, राजमा असे दाणे खेळायला देऊ नयेत, ते श्वासनलिकेत अडकतात. कुत्री-मांजरे घाण करतात तिथली माती टाळावी, नखे कापलेली असावीत व शेवटी साबणाने हात धुवावेत. मूल माती सतत खात असेल तर रक्तक्षयाची तपासणी करून घ्यावी.

खेळ बिघडतो तो बहुधा मोठ्यांमुळे. ताईंनी आधी नमुन्याचा गणपती करून दाखवला की मुले नुसती नक्कल करतात, आणि जमले नाही की हात आखडतात. ‘हे काय केलंस?’ असे विचारण्यापेक्षा ‘किती लांब वळलंस!’ असे दिसेल ते बोलावे. चिकटपणाची किळस असलेल्या मुलाचा हात धरून चिखलात घालणे सर्वांत वाईट. त्याला आधी कोरडा रवा द्यावा, मग चमचा किंवा काडी, शेजारी ओले फडके ठेवावे. बोट ते आपल्या सवडीने बुडवते. अन्न, कपडे, अंघोळ अशा सगळ्याच स्पर्शांना मूल घाबरत असेल तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.