पेट्रोलची नळी घेताना आतला थर विचारा

पंपावर आता मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्यांचे रबरी भाग त्या हिशेबानेच बनवलेले असतात. आमच्या दुकानात येतात त्या त्याआधीच्या स्कूटर, मोटारसायकली आणि हंगामात फवारणी पंप. तक्रारी ठरलेल्या: नळी फुगून कॉकवरून (टाकीखालच्या पेट्रोलच्या तोटीवरून) सुटते, नाहीतर ताठ होऊन टोकाला तडकते.

साधं नायट्राइल रबर, म्हणजे नेहमीच्या काळ्या पेट्रोल नळीचं रबर, निव्वळ पेट्रोल बऱ्यापैकी सोसतं. इथेनॉल मिसळलं की तेच जास्त फुगतं, मऊ पडतं. पारदर्शक पीव्हीसी नळीचं उलट होतं. तिला लवचीक ठेवणारा तेलकट घटक पेट्रोल ओढून घेतं आणि ती पिवळी पडून काडीसारखी कडक होते. आतलं पेट्रोल दिसतं म्हणून फवारणी पंपवाले तीच मागतात. पेट्रोलसाठी आम्ही ती देत नाही.

सिलिकॉनच्या नळीने तर जाणकारही फसतात. उष्णता सोसते, महाग असते, म्हणून चांगलीच असणार असं वाटतं. पण पेट्रोल तिच्या भिंतीतून झिरपतं, आणि गरम इंजिनाजवळ ही गोष्ट गंभीर आहे. रेडिएटरच्या ईपीडीएम नळीचा (हे पाण्यासाठी चालणारं रबर) तुकडा उरला असेल तर तोही पेट्रोलला लावू नका, फुगून निकामी होईल.

मग घ्यायची ती आतून फ्लुओरो रबराचा, म्हणजे इथेनॉलचं पेट्रोल सोसणाऱ्या रबराचा थर असलेली. गॅरेजमध्ये तिला व्हायटॉनची नळी म्हणतात. बाहेरून सगळ्या काळ्याच दिसतात, म्हणून वर छापलेलं वाचा. एसएई या वाहन-मानक संस्थेचा दर्जा तिथे असतो. एसएई ३०आर७ ही कमी दाबाची, बहुधा नायट्राइलची. ३०आर९ ही इंजिनात पेट्रोल दाबाने फवारणाऱ्या इंजेक्शन यंत्रणेसाठीची आणि बहुधा फ्लुओरो थराची. कार्ब्युरेटरच्या गाडीला एवढा दाब लागत नाही, तरी आम्ही हीच सुचवतो. महाग पडते, पण पेट्रोल गळण्याचा धोका पत्करण्यापेक्षा परवडते. टाकीच्या आत बुडवायची नळी मात्र वेगळी, ३०आर१०. आर९चं बाहेरचं आवरण पेट्रोलमध्ये बुडून राहण्यासाठी नसतं.

नळी बदलताना कॉकची ओ-रिंगही (गळती अडवणारी रबरी कडी) बदला. तीही बहुधा त्याच जुन्या रबराची असते, आणि नव्या नळीनंतर गळती तिथूनच सुरू होते.

येताना जुना तुकडा घेऊन या. फुगलेल्या नळीचं माप चुकतं, म्हणून ज्या नळकांड्यावर ती बसते त्याचा व्यासही मोजून आणा. सैल नळी क्लिप आवळून बसवायला आम्ही देणार नाही.