कपाशीच्या कोवळ्या बोंडातील जनुक-अभिव्यक्ती चाचणी: नमुना देण्यापूर्वी

जनुक-अभिव्यक्ती, म्हणजे कोणते जनुक किती सक्रिय आहे हे, तपासण्यासाठी प्रयोगशाळेत बोंडे स्वीकारताना आम्ही सर्वप्रथम त्यांचे वय विचारतो, कारण वय ठाऊक नसेल तर हाती आलेल्या आकड्यांचा अर्थच लागत नाही. सरकीवरील प्रत्येक धागा म्हणजे बीजांडाच्या (पुढे सरकी होणाऱ्या भागाच्या) बाह्यत्वचेतील लांबत गेलेली एकच पेशी. फूल उमलण्याच्या सुमारास या त्वचेतील साधारण पाव हिस्सा पेशी धागा होण्याच्या मार्गाला लागतात आणि त्यात 'मायब-२५-लाइक' या नियंत्रक जनुकाचा वाटा मोठा असतो. ते प्रयोगात दाबले असता सरकी बोडकी राहते. त्यानंतर पेशीभित्ती सैल करणाऱ्या एक्स्पान्सिनसारख्या प्रथिनांची जनुके जोमाने व्यक्त होतात आणि धागा सुमारे तीन आठवडे लांबत राहतो. लांबणे पूर्ण थांबण्याआधीच, फूल उमलल्यापासून साधारण १६ ते २० व्या दिवसादरम्यान, दुय्यम भित्तीसाठी (धागा जाड करणाऱ्या आतल्या थरासाठी) सेल्युलोज तयार करणारी जनुके अधिक व्यक्त होऊ लागतात. म्हणूनच दोन वाणांच्या बोंडांत चार दिवसांचे अंतर असले, तरी वयामुळे पडलेला फरक वाणाचा गुण समजला जाण्याचा धोका असतो.

हे टाळणे शेतातच शक्य आहे. अमेरिकन कपाशीचे फूल उमलते त्या दिवशी पांढरट आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी दिसते. त्यामुळे सकाळी केवळ पांढऱ्या फुलांनाच तारखेची चिठ्ठी बांधावी आणि तो दिवस शून्य धरावा. रात्री थंड असल्यास धाग्याची वाढ रेंगाळते, म्हणून किमान तापमानाची नोंदही सोबत द्यावी.

बोंड तोडताच साल वेगळी करून बीजांडे द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवावीत. सालीसकट वाटलेल्या बोंडात सालीचा आरएनए (जनुक सक्रिय असताना तयार होणारा आणि या चाचणीत मोजला जाणारा रेणू) मिसळतो आणि मग धाग्याविषयी खात्रीने काही सांगता येत नाही. कपाशीच्या ऊतींत आरएनए काढण्यात अडथळा आणणारी पॉलिफेनॉल व पॉलिसॅकराइड ही द्रव्ये भरपूर असल्याने आम्ही सीटॅब (एका डिटर्जंटवर आधारित) पद्धत वापरतो. मात्र वितळून काळवंडलेला नमुना त्या पद्धतीनेही सावरत नाही.

अमेरिकन कपाशीत 'ए' आणि 'डी' असे दोन उपजीनोम (जनुकसंच) असल्याने बहुतेक जनुकांच्या जवळजवळ सारख्या जोड्या आढळतात. आपल्याला दोन्हींची एकत्रित अभिव्यक्ती हवी आहे की स्वतंत्र, हे प्राइमर (हवे ते जनुक हेरणारे डीएनएचे छोटे तुकडे) आखण्यापूर्वीच कळवावे. पानात स्थिर असणारे संदर्भ-जनुक (ज्याच्याशी तुलना करून इतर जनुके मोजतात ते) वाढत्या धाग्यात स्थिर राहीलच असे नाही. म्हणून किमान दोन संदर्भ-जनुके आपल्याच नमुन्यांवर पडताळून घेण्याचा आमचा आग्रह असतो. प्रत्येक वयासाठी निदान तीन वेगवेगळ्या झाडांची बोंडे स्वतंत्र कुप्यांत द्यावीत, कारण एकाच आरएनएची तीनदा केलेली मोजणी झाडाझाडांतील फरक दाखवू शकत नाही.