पेपरवालं पिल्लू घेताना: केसीआय नोंदणी, वंशावळ आणि मालकी बदल

“पिल्लू एवढ्याला, पेपर हवे असतील तर वरचे पैसे वेगळे.” ब्रीडर असं म्हणाला की तिथेच थांबा. नोंदणीसाठी अर्ज पिल्लाच्या नव्या मालकाने करायचा नसतो, तर वेताची नोंदणी करताना ब्रीडरने करायचा असतो. शुल्क केनेल क्लब ऑफ इंडियाच्या (केसीआय) संकेतस्थळावर मिळतं. आधी ते बघून घ्या, मग “वरचे पैसे” किती वरचे आहेत ते कळेल.

पेपर म्हणजे चेन्नईच्या या क्लबने दिलेलं नोंदणी प्रमाणपत्र. त्यावर पिल्लाचं नाव, जात, नर की मादी, रंग, जन्मतारीख, नोंदणी क्रमांक, मायक्रोचिप क्रमांक, ब्रीडरचं नाव आणि तीन पिढ्यांची वंशावळ असते. हा सरकारी दाखला नव्हे. सरकारी भाग वेगळा आहे: 2017 च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांनुसार ब्रीडरची नोंदणी राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे असावी लागते. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. मादी 18 महिन्यांची होण्याआधी तिच्यापासून पिल्लं घेता येत नाहीत, आणि वर्षात एकाहून जास्त वेळा तर नाहीच. म्हणून केसीआयचे कागद मागताना मंडळाचं प्रमाणपत्रही मागा. पहिलं दाखवणारे पुष्कळ भेटतात, दुसऱ्याचं नाव काढलं की विषय बदलतो.

पात्रतेची मुख्य अट साधी आहे. आई आणि बाप दोघंही एकाच जातीचे आणि दोघंही नोंदणीकृत हवेत. “बापाचे पेपर आहेत, आईचे हरवलेत” अशा वेताची नेहमीच्या पद्धतीने नोंदणी होत नाही. म्हणून टोकन देण्याआधी आई-बापाच्या प्रमाणपत्रांच्या प्रती, वेताच्या अर्जाची पोच आणि पिल्लाचा चिप क्रमांक मागून घ्या. लसीकरणाचं कार्ड तर हवंच.

चिप म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी काचेची नळी. ती खांद्यांच्या मधे कातडीखाली बसवतात. क्रमांक 15 अंकी असतो. डॉक्टरांकडे स्कॅनर फिरवून तो एकेक अंक करून कागदाशी जुळवा. कंटाळवाणं काम आहे, पण हाच एक धागा या कागदाला याच पिल्लाशी बांधतो. नाहीतर एका वेताचे पेपर दुसऱ्या वेताच्या पिल्लाला चिकटवायला कितीसा वेळ लागतो?

आता वंशावळ. मागच्या वर्षी भाच्याने एका लॅब्रेडोरच्या पेपरचा फोटो पाठवला. “मामा, यात दोन चॅम्पियन आहेत!” मी पेन्सिल घेऊन बसलो. तीन पिढ्यांत जागा असतात 14: आई-बाप 2, आजी-आजोबा 4, पणजी-पणजोबा 8. मोजली तर वेगवेगळी नावं निघाली 11 च. बापाचा बाप आणि आईचा बाप एकच कुत्रा होता, त्यामुळे त्याचे आई-बापही दोन्ही बाजूंना पुन्हा आले. म्हणजे पिल्लाचे आई-बाप सावत्र भावंडं. अशा पिल्लाचा अंतःप्रजनन गुणांक (आई-बाप किती जवळच्या नात्यातले, याचं माप) 12.5 टक्के येतो. सख्ख्या भावंडांचं किंवा बाप-लेकीचं वेत असेल तर 25. आणि फक्त एक पणजोबा दोन्हीकडे सामाईक असेल, तर सुमारे 3 टक्के. या शेवटच्या प्रकाराला ब्रीडर मंडळी अभिमानाने ‘लाईन ब्रीडिंग’ म्हणतात, आणि जाणत्या हातात त्याला अर्थही असतो. पण 12.5 ला तेच नाव दिलं तर का, हे विचारायचा हक्क तुमचा आहे. भाच्याने विचारलं. उत्तर आलं, “सर, ब्लडलाईन पक्की होते.”

नावाआधीचं ‘चॅम्पियन’ हे शोमधल्या ठेवणीवर, चालीवर मिळालेलं असतं. खुब्याचा सांधा आतून कसा आहे, ते त्यात दिसत नाही. लॅब्रेडोर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर घेताय तर आई-बापाच्या खुब्यांच्या एक्स-रेचा अहवाल मागा. एफसीआयच्या (केनेल क्लबांची आंतरराष्ट्रीय संघटना) पद्धतीत ‘ए’ ते ‘ई’ अशा श्रेणी असतात, ‘ए’ सगळ्यात चांगली. वंशावळीत नऊ चॅम्पियन आणि अहवाल एकही नाही, असं असेल तर मी पुढचा ब्रीडर शोधीन.

ब्रीडर ‘इम्पोर्टेड लाईन’, म्हणजे परदेशातून आणलेल्या कुत्र्याचा वंश, म्हणाला तर त्या आयात कुत्र्याची मूळ देशाच्या क्लबने दिलेली निर्यात-वंशावळ दाखवायला सांगा. 2016 पासून व्यापारी प्रजननासाठी कुत्री आयात करण्यावर बंदी आहे, तेव्हा हा शब्द जरा सढळ हातानेच वापरला जातो.

कारवानी ही आपल्याकडची शिकारी जात घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट वेगळी. केसीआयच्या दप्तरी याचं नाव ‘कारवान हाउंड’, तर कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने नोंदवलेलं नाव ‘मुधोळ हाउंड’. कागदावर दोन नावं दिसली म्हणून गोंधळू नका. धनगरांच्या वाड्यावर वंशावळ तोंडी असते: कुठल्या गावच्या कुत्रीचं, कुणाच्या कुत्र्यापासून. ती ऐकून घ्या, पण पुढे शोमध्ये उतरवायचं असेल तर तेवढ्यावर भागत नाही.

व्यवहार ठरला की मालकी बदल. मूळ प्रमाणपत्र आणि मालकी हस्तांतरणाचा अर्ज, त्यावर आधीच्या मालकाची आणि तुमची सही, सोबत शुल्क, हे सगळं क्लबकडे जातं आणि प्रमाणपत्रावर तुमचं नाव लागतं. अर्जावरची ब्रीडरची सही पिल्लू घरी नेण्याच्या दिवशीच घ्या. नंतर फोन लागत नाहीत. नाव लागलं नाही तरी पिल्लू तुमच्याच घरात राहील, फक्त दप्तरात मालक ब्रीडरच राहतो.

महापालिकेचा परवाना यातून मिळत नाही. त्यासाठी रेबीजच्या लसीचं प्रमाणपत्र आणि राहत्या पत्त्याचा पुरावा घेऊन वेगळा अर्ज करावा लागतो. तिथे वंशावळ कुणी विचारत नाही. गावठी कुत्र्यालाही हा परवाना लागतो.