‘तुझी जात कोणती?’ : कॅरेक्टर शीटवरच्या एका रकान्याची पार्श्वभूमी

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा भूमिका घेऊन खेळायचा खेळ: प्रत्येकानं एक काल्पनिक पात्र व्हायचं, फासे टाकायचे आणि गोष्ट पुढं न्यायची. पात्राची माहिती ज्या कागदावर लिहितात ती कॅरेक्टर शीट. नाशिकमधल्या ज्या टेबलांवर हा खेळ मराठीतून चालतो, त्यांतल्या एक-दोन ठिकाणी कॅरेक्टर शीटवरचा एक रकाना हल्ली बिनशीर्षकाचा असतो. नाव, पेशा, पातळी हे बाकीचे रकाने नेहमीसारखे. ही एक चौकट मात्र नुसतीच. नवा खेळाडू विचारतो, ‘इथं काय लिहायचं?’ डीएम, म्हणजे गोष्ट सांगत खेळ चालवणारा, सांगतो, ‘तुझं पात्र कोण आहे ते. माणूस, एल्फ, ऑर्क, काय असेल ते.’ (एल्फ, ऑर्क, ड्वॉर्फ, ड्राओ हे खेळातले काल्पनिक जीव.) या चौकटीवर पूर्वी एक शब्द होता. तो खोडला गेला त्याला इंदिरानगरच्या एका गच्चीवरची संध्याकाळ कारण झाली, आणि त्या संध्याकाळच्या मागं परदेशातली पन्नासेक वर्षांची भांडणं आहेत.

सुरुवातीची वर्षं झटपट उरकता येतात. १९७४ साली अमेरिकेत या खेळाचं पहिलं नियमपुस्तक निघालं, तेव्हा टेबलावर काय चालेल आणि काय नाही याची त्यात चर्चा नव्हती. लष्करी डावपेचांचे खेळ खेळणाऱ्या मंडळींसाठी ते होतं. बाकीचं आपसात समजून घ्यायचं. नाजूक विषयांचा प्रश्न पहिल्यांदा आला तो बाहेरून. १९७९ साली मिशिगनमधला एक विद्यार्थी बेपत्ता झाला आणि त्यामागं हा खेळच आहे अशी हाकाटी वर्तमानपत्रांनी केली. १९८२ साली एका मुलानं आत्महत्या केली. त्याच्या आईनं पुढच्या वर्षी खेळाविरुद्ध संघटना काढली. खेळामुळं हे घडलं असं कधीच सिद्ध झालं नाही. तरी दबाव एवढा होता की १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीतून सैतानांची रूढ नावं प्रकाशकांनीच काढली आणि त्या जागी पुढं बनवलेली नावं घातली. राक्षस तेच, पाटी नवी. आपल्याकडे या सगळ्याचा गंधही नव्हता. फासे दिसले की इथल्या आज्यांना आठवायचा तो शकुनी.

खेळणाऱ्यांनी स्वतःहून मर्यादा आखायला घेतल्या त्या २००३ च्या सुमारास. एका अमेरिकन लेखकानं आपल्या खेळाच्या पुरवणीत दोन कल्पना मांडल्या. काही गोष्टी कथेत येणारच नाहीत, त्यांना ‘लाइन’ म्हणायचं. आणि काही घडतील, पण पडद्याआड. दुसरी कल्पना आपल्याला नवी वाटायचं कारण नाही. युद्ध, मरण, नगराचा वेढा रंगमंचावर दाखवू नये, प्रवेशकातून कळवावं, असं नाट्यशास्त्र सांगतं. (‘ऊरुभंगा’त दुर्योधन प्रेक्षकांसमोरच प्राण सोडतो, म्हणजे नियम वाकवणारेही तेवढेच जुने.) त्या दुसऱ्या कल्पनेला ‘पडदा’ हा शब्द आपसूक मिळाला.

‘लाइन’चं मात्र फसलं. पंचवटीच्या गावात ‘लक्ष्मणरेषा’ सुचणं साहजिकच होतं, आणि काही टेबलं अजूनही तेच म्हणतात. एका ताईंनी त्यावर घेतलेली हरकत मला बिनतोड वाटते: ती रेषा सीतेनं आखलेली नव्हती, तिच्यासाठी दुसऱ्यानं आखली, आणि ओलांडल्याचं खापर फुटलं तिच्यावर. टेबलावरची रेषा ज्याची त्यानं आखायची असते आणि सांभाळायची इतरांनी. ही रेषा वाल्मीकींच्या अरण्यकांडात नाहीच, मागाहून आली, हा मुद्दा त्या वादात कुणीतरी काढला आणि अर्धा तास त्यातच गेला. शेवटी ‘वर्ज्य’ ठरलं. गाण्याच्या क्लासला गेलेल्यांना ते लगेच पटतं. भूपात मध्यम आणि निषाद लागत नाहीत. का लागत नाहीत म्हणून कोणी भूपाला जाब विचारत नाही.

जाब न विचारणं हाच पुढच्या टप्प्याचा गाभा. नॉर्डिक देशांतल्या लार्पमध्ये, म्हणजे टेबलाऐवजी प्रत्यक्ष वावरून खेळायच्या भूमिकांच्या खेळांत, ‘ब्रेम्स’ आणि ‘कुट’ असे दोन शब्द आधीपासून होते: एकानं वेग कमी, दुसऱ्यानं खेळ जागच्या जागी बंद. २००७ च्या सुमारास तिकडच्याच एका मेळाव्यातून ‘ब्लीड’ ही संज्ञा पसरली. पात्राच्या भावना खेळाडूत आणि खेळाडूच्या पात्रात उतरतात, त्याला हे नाव. मराठीत ‘पाझर’ चांगला बसतो. मग २०१२-१३ च्या आसपास न्यूयॉर्ककडच्या एका खेळाडूनं एक्स-कार्ड पुढं आणलं. कागदावर फुली काढायची, तो टेबलाच्या मधोमध ठेवायचा. नको असलेलं काही आलं की त्याला हात लावायचा. जीएमनं (डीएमचंच दुसरं नाव) तेवढा भाग काढून पुढं जायचं, कारण मागायचं नाही. यावर पुष्कळ वाद झाले. कथेचा गळा घोटला जातो, कोणीही उठून कार्ड उचलेल, हे आक्षेप मला फारसे गंभीर वाटत नाहीत. खरंच ऊठसूट कार्ड उचलणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. गंभीर आक्षेप उलटा आहे. ज्याला लागलं त्यानंच सगळ्यांदेखत हात पुढं करायचा. हे कार्ड मेळाव्यातल्या टेबलांना फार सोयीचं, कारण तिथं चार तासांपुरते अनोळखी लोक एकत्र बसतात. नाशिकच्या टेबलावर अनोळखी कोण असतं?

ते पुढं येईलच. २०१९ आणि २०२० ही दोन वर्षं त्याआधीच्या सगळ्या वर्षांपेक्षा घाईची गेली. २०१९ मध्ये बर्मिंगहॅमच्या एका मोठ्या मेळाव्यात एका जीएमनं खेळाडूंच्या पात्रांवर सामूहिक अत्याचार झाल्याचं कथानक त्यांना न विचारता पुढं आणलं. आयोजकांनी त्याचे उरलेले खेळ रद्द करून त्याला बंदी घातली. त्याच वर्षी एका प्रकाशकानं संमतीवर छोटी पुस्तिका फुकट दिली. तिच्या शेवटी हिरव्या-पिवळ्या-लाल रंगांची यादी होती: कोळी, रक्त, लहान मुलांना इजा, यांतलं काय चालेल, काय विचारून, काय अजिबात नाही. दोन खेळाडूंनी सगळी विखुरलेली साधनं एकत्र करून तीही मोफत ठेवली. २०२० च्या वसंतात एका लोकप्रिय ऑनलाइन मालिकेत जीएमनं एका खेळाडूच्या यंत्रमानव पात्रावर तिच्या संमतीशिवाय लैंगिक अत्याचाराचा प्रसंग लादला. मालिका बंद पडली. माफी मागताना त्यानं सुरक्षेची साधनं टेबलावर नव्हती हे कारण पुढं केलं आणि त्यावरूनही लोक भडकले, कारण समोरच्याला विचारायला साधन कशाला लागतं? नोव्हेंबरमध्ये सर्वांत मोठ्या खेळाच्या अधिकृत पुरवणीत ‘सेशन झिरो’चं प्रकरण आलं, म्हणजे पहिल्या सत्राआधी बसून काय चालेल ते ठरवणं. जे वर्षानुवर्षं तोंडी चालत होतं त्यावर शिक्का बसला.

नाशिकमध्ये हे सगळं एकदम उतरलं. टाळेबंदीत पुण्या-बंगळूरची नोकरदार पोरं घरी परतली आणि डिस्कॉर्डवर ऑनलाइन चाललेले खेळ पुढं गच्चीवर आले. कित्येकांच्या फोनवर नियमपुस्तकाआधी ती तिरंगी यादी पोहोचली. यादी भरली जायची, कार्डही ठेवलं जायचं, आणि त्याला कोणी हात लावायचं नाही. त्याला इलाज नव्हता. डीएम म्हणजे कुणाचा तरी थोरला भाऊ, नाही तर सातपूरच्या कारखान्यातला सीनियर. खेळाडू त्याला ‘दादा’ म्हणणार, त्याच्या घरचा चहा पिणार, त्याच्या आईला काकू म्हणणार. त्याच्या कथेत मध्येच ‘हे नको’ कसं म्हणायचं? भीड भिकेची बहीण म्हणतात. टेबलावर ती कार्डाची सावत्र आई निघाली. दादांचाही दोष म्हणावा तर त्यांना कुणी काही बोललेलंच नसतं.

आता तो रकाना. इंग्रजी शीटवर तिथं ‘रेस’ असायचं. मराठीत ‘रेस’ म्हटलं की घोडे धावतात, ‘वंश’ फार पुस्तकी, म्हणून तोंडात बसला तो ‘जात’. हा शब्द पहिल्यांदा वापरणारे बहुतेक निफाड-पिंपळगावकडचे, आणि त्यात काही वावगं आहे असं त्यांच्या मनातही आलं नसणार. द्राक्षबागेत हा शब्द दिवसातून दहा वेळा येतो. ‘नव्या प्लॉटला कोणती जात लावली?’ ‘थॉमसन.’ त्याच सुरात ‘तुझ्या पात्राची जात?’ ‘एल्फ.’ त्यावर कोणीतरी ‘पडताळणी झाली का?’ हे म्हणायचंच, आणि सगळे हसायचे. मीही हसलोय.

पंचाईत अशी की भाषांतर चुकलेलं नव्हतं. ते नको इतकं बरोबर होतं. १९७४ च्या नियमांत ड्वॉर्फला फक्त योद्धा होता येई, तेही सहाव्या पातळीपर्यंत. माणसाला अशी मर्यादा नव्हती. १९८१ च्या प्राथमिक नियमांत तर ‘ड्वॉर्फ’ आणि ‘एल्फ’ हेच पेशे होते. म्हणजे जन्मावरून काम आणि जन्मावरूनच त्या कामातली मजल. अमेरिकन वाचकाला हे खेळाचा समतोल वाटलं असेल, मराठी वाचकाला ते समजावून सांगावं लागत नाही. ही बंधनं २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत उठली, तरी जन्माबरोबर मिळणारे गुण-दोष राहिले: अमुक जमात बुद्धीनं तीक्ष्ण, तमुक जन्मतः क्रूर. जून २०२० मध्ये प्रकाशकांनी कबूल केलं की ऑर्क आणि ड्राओ यांची वर्णनं खऱ्या समाजांची जशी निंदा झाली तिची आठवण करून देणारी आहेत. त्याच वर्षीच्या पुरवणीत गुण जन्मापासून सुटे करायची मुभा मिळाली. डिसेंबर २०२२ मध्ये ‘रेस’ हा शब्दच सोडत असल्याचं जाहीर झालं आणि २०२४ च्या पुस्तकांत ‘स्पीशीज’ आलं.

यावर तिकडे दोन तट पडले. एका बाजूचं म्हणणं, पाटी बदलून काय होतं, १९८९ ला सैतानांची नावं बदलली तेव्हा काय झालं? दुसरी बाजू म्हणते की नाव लागतं, म्हणून बदलायचं. नाशिकच्या गच्चीवर हा वाद बसतच नाही. इंग्रजीत टीका शब्दावर होती. इथं प्रश्नच जखमेवरचा आहे. भाड्यानं खोली बघायला जाणाऱ्याला तो ‘पूर्ण नाव काय म्हणालात?’ असा सभ्य रूपात विचारला जातो. त्याच गावात काळाराम मंदिराच्या दारात १९३० च्या मार्चमध्ये सत्याग्रह सुरू झाला, कित्येक वर्षं चालला, आणि दार तेव्हा उघडलं नाही. १९३५ ची येवल्याची घोषणाही याच जिल्ह्यातली.

ती संध्याकाळ. मोहीम पेशवाईतल्या आनंदवल्लीची होती, त्यात एल्फ आणि ड्वॉर्फ मिसळलेले. डीएमनं नकाशा हातानं काढलेला, गंगेचं, म्हणजे गोदावरीचं, वळणसुद्धा बरोबर. पात्रं एका देवळाच्या दारात आली. डीएमनं आवाज जाड करून पहारेकऱ्याचा प्रश्न विचारला, ‘जात कोणती?’ सवयीनं उत्तरं आली: एल्फ, माणूस, ड्वॉर्फ. ते आत. ऑर्कवाल्याला पहारेकरी म्हणाला, ‘तू बाहेर, चपलांपाशी.’ कोणीतरी पडताळणीचा विनोद केला. ऑर्क खेळणाऱ्या मुलानं आपले फासे एकेक करून पिशवीत टाकले. सात फासे असतात. सातही टाकेपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. ‘उशीर झाला, निघतो दादा,’ एवढंच म्हणाला. एक्स-कार्ड टेबलावरच होतं, चिवड्याच्या पुड्याखाली.

तिसऱ्या दिवशी त्यानं डीएमला फोन केला. त्याचे पणजोबा त्या सत्याग्रहाला गेले होते, असं त्याच्या घरी सांगतात. डीएम आधी वरमला, मग थोडा ताठला: इतिहास तसाच होता, दाखवायचा नाही का? मुलाचं उत्तर मला या सगळ्या परदेशी पुस्तिकांपेक्षा नेमकं वाटतं. ‘दाराचा प्रसंग ठेव की. पण मला आधी विचार. आणि तो विनोद बंद.’

त्यानंतर त्या टेबलानं एक्स-कार्ड बाजूला ठेवलं आणि गोदेच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीला बोलावलं. गंगेला पूर आला की पाणी मारुतीच्या कुठवर चढलं यावरून नाशिककर पुराचा अंदाज घेतात, ते इथल्या पोराटोरांना ठाऊक. टेबलावर कोणीही नुसतं ‘गुडघा’ म्हणतं, म्हणजे जपून. ‘कंबर’ म्हणजे वेग कमी. ‘गळा’ म्हणजे थांब, दुसरीकडे चल. ब्रेम्स आणि कुटचाच हा गंगेवरचा अवतार. दादाला ‘नको’ म्हणताना जीभ अडते, ‘कंबर’ म्हणताना अडत नाही. पहिल्या महिन्यात ‘कंबर’ चारदा आलं, त्यातलं एक खुद्द डीएमचं होतं.

रकान्यासाठी बरेच शब्द सुचवले गेले. ‘प्रजाती’ म्हटलं की जीवशास्त्राचा पेपर. ‘कुळ’ म्हणजे लग्नाच्या बैठकीला बसल्यासारखं. निफाडकर म्हणाला ‘वाण’, त्यावर संक्रांतीची हळदीकुंकवं आठवून सगळे हसले. तेव्हा चौकट कोरीच राहिली.

मुलगा परत आला, ऑर्क तोच. दाराच्या प्रसंगापुढं त्यानं यादीत ‘चालेल’ लिहिलंय. प्रसंग मात्र अजून खेळला गेलेला नाही. डीएमच दर वेळी पात्रांना नदीपलीकडे कुठंतरी पाठवतो.