बायबलची नव्हे, फौजदारी न्यायाचीच पदवी

‘ख्रिस्ती विद्यापीठातून ऑनलाइन क्रिमिनल जस्टिस केलं की हाती बायबलची पदवी येते, पोलीस खातं ती विचारातच घेत नाही,’ हा अमेरिकेतला जुना समज साफ चुकीचा आहे.

फिनिक्सचं ग्रँड कॅनियन विद्यापीठ घ्या. १९४९ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाला मान्यता हायर लर्निंग कमिशन या शिक्षणसंस्थांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेची आहे, तिचीच मान्यता तिथल्या सरकारी विद्यापीठांनाही आहे. ख्रिस्ती जीवनदृष्टीचा विषय सक्तीचा असतो, हे खरं. पण मुख्य अभ्यास फौजदारी कायदा नि गुन्हेशास्त्राचा. रात्रपाळी संपवून लॅपटॉप उघडणाऱ्यालाही मिरांडा खटला वाचावाच लागतो: १९६३ची अटक याच शहरातली, निकाल १९६६चा, ताब्यातल्या माणसाला चौकशीआधी गप्प राहण्याचा हक्क सांगणं तेव्हापासून बंधनकारक झालं.

वर्दीसाठी मात्र पोलीस अकादमीचं प्रशिक्षण वेगळं घ्यावं लागतं, पदवी कुठलीही असो.