पाठदुखीवर नऊ जणांचं मत

मान झटक्यात वळवून ‘कट्’ आवाज काढणाऱ्या कायरोप्रॅक्टरांचे, म्हणजे हातांनी मणके-सांधे दाबून उपचार करणाऱ्यांचे, व्हिडिओ हल्ली सगळीकडे फिरतात. खाली हमखास कुणीतरी लिहितं, ‘हाड जागेवर बसलं!’ हाड हललेलंच नसतं. सांध्यातल्या द्रवावरचा दाब एकदम घटतो, वायूची पोकळी तयार होते आणि आवाज होतो. सलूनमध्ये मालिश करताना मान मोडली की होतो, तोच.

मग हा उपचार कुणाला द्यावा, हे ठरवायचं कसं? १८९५ साली अमेरिकेतल्या डेव्हनपोर्टला डी. डी. पामर यांनी सुरू केलेल्या या व्यवसायात त्यासाठी वापरलेली एक रीत मला फार आवडते. ती रँड या संशोधन संस्थेची.

नऊ तज्ज्ञांना उपलब्ध संशोधनाचा गोषवारा देतात. एकेका प्रकारच्या रुग्णासाठी प्रत्येकाने घरी बसून १ ते ९ गुण द्यायचे. ९ म्हणजे धोक्यापेक्षा फायदा स्पष्टच जास्त. मग सगळे भेटतात, वाद घालतात आणि पुन्हा गुण देतात. एकमताची सक्ती नाही. समजा गुण आले १, १, ७, ७, ८, ८, ८, ८, ९. सरासरी ६.३, म्हणजे दोघांनी सगळ्यांना खाली ओढलं. पण इथे पाहतात मध्यक, म्हणजे ओळीतला पाचवा आकडा: ८. तो ७ किंवा जास्त, म्हणून उपचार ‘योग्य’. आता एका ७ च्या जागी १ ठेवा. मध्यक अजूनही ८! तरी निकाल बदलतो, कारण तिघे तळाशी आणि किमान तिघे वरच्या टोकाला असले की तो मतभेद धरतात आणि शेरा पडतो ‘अनिश्चित’. एकटादुकटा हट्टी निकाल फिरवू शकत नाही आणि खरा मतभेद लपतही नाही. किती सुंदर!

पण नऊ जण कोण? रँडने कंबरदुखीसाठी वेगवेगळ्या क्षेत्रांतल्या तज्ज्ञांचा एक मिश्र गट बसवला आणि एक फक्त कायरोप्रॅक्टरांचा. दुसऱ्याने कितीतरी जास्त प्रकारच्या रुग्णांसाठी ‘योग्य’ म्हटलं.

जानेवारी १९९२ मध्ये कॅलिफोर्नियात मर्सी सेंटर या ठिकाणी परिषद भरवून या व्यवसायाने उपचार कसे करावेत याची स्वतःची मार्गदर्शिका ठरवली. १९९३ मध्ये ती पुस्तकरूपाने आली. विमा कंपन्या हीच पानं दाखवून पैसे नाकारतील, म्हणून अनेक कायरोप्रॅक्टर खवळले. ‘सब्लक्सेशन’ मानणाऱ्या गटाने १९९८ मध्ये वेगळीच मार्गदर्शिका काढली. सब्लक्सेशन म्हणजे मणका किंचित सरकणं, आणि त्याने रोग जडतात, ही पामर यांच्या काळची कल्पना. तिला पुरावा नाही, आणि छापल्याने तो येत नाही.

मार्गदर्शिका लोकांपर्यंत पोचवणंही अवघडच. अमेरिकी सरकारच्या ज्या संकेतस्थळावर वैद्यकीय मार्गदर्शिका एकत्र मिळत, ते निधी संपल्यामुळे जुलै २०१८ मध्ये बंद झालं. मला २०१७ ची अमेरिकन कायरोप्रॅक्टिक असोसिएशनची सूचनांची यादी जास्त उपयोगी वाटते. फक्त पाच कलमं, रुग्णालाही वाचता येतील अशी. त्यातलं एक: कंबर नुकतीच धरली असेल आणि धोक्याची लक्षणं नसतील, तर पहिले सहा आठवडे मणक्याचा एक्स-रे काढू नका.