‘सिस्टर’ आणि ‘मावशी’: घरी येणाऱ्या दोघींमधला फरक

आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. तिला घरी आणायच्या आदल्या दिवशी, घरी नर्स आणि मावशी पाठवणाऱ्या एका ब्यूरोला फोन लावला. ‘उद्यापासून ट्रेन्ड सिस्टर पाठवतो,’ असं सांगितलं गेलं. सकाळी आठला निळा अ‍ॅप्रन घातलेल्या हसतमुख बाई आल्या. डिस्चार्ज कार्डावर रक्त पातळ ठेवण्याचं, पोटावर टोचायचं इंजेक्शन होतं. मी त्यांना नर्सिंग कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर विचारला, तर म्हणाल्या, ‘आधार कार्ड चालेल का, ताई?’

त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. त्यांना ‘सिस्टर’ म्हणून पाठवणाऱ्याचं चुकलं होतं, आणि फोनवर तो शब्द ऐकून पुढे काहीही न विचारणाऱ्या माझंही.

आपल्याकडे अ‍ॅप्रन दिसला की बाई ‘सिस्टर’ होते आणि पुरुष ‘ब्रदर’. प्रत्यक्षात नर्स ही कायद्याने ठरवलेली ओळख आहे. एएनएम (ऑक्झिलरी नर्स अँड मिडवाइफ) दोन वर्षांचा, जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) तीन वर्षांचा, बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचा. यांपैकी एखादा अभ्यासक्रम पुरा करून राज्याच्या परिषदेत नाव नोंदवावं लागतं. आपल्याकडे ती महाराष्ट्र परिचर्या परिषद. या नोंदणीचं ठरावीक काळाने नूतनीकरणही करावं लागतं, म्हणून नंबर आहे एवढ्यावर थांबू नये, तो चालू आहे का तेही बघावं.

मावशी किंवा मामा, कागदोपत्री अटेंडंट, केअरटेकर किंवा ‘जीडीए’ म्हणजे जनरल ड्यूटी असिस्टंट. जीडीए हा कौशल्य विकासाखालचा छोटा अभ्यासक्रम आहे आणि तो केलेला असेल तर चांगलंच. पण पुष्कळ जणी हॉस्पिटलात आयाचं काम करता करता शिकलेल्या असतात. त्यांच्यासाठी नर्सिंगसारखी परिषद नाही, की नाव काढून टाकता येईल असं रजिस्टरही नाही.

मग ब्यूरोवर कोणाचं लक्ष? इथे जरा धक्का बसतो. महाराष्ट्रात नर्सिंग होमला १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली परवाना लागतो, पण तो कायदा रुग्ण जिथे दाखल होतो त्या जागेचा आहे. तुमच्या बेडरूमला तो लागू नाही. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात घरपोच सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी आणि किमान दर्जा आणणारं दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं. ते मंजूर झालंच नाही, लोकसभेची मुदत संपली तसं तेही संपलं. ब्यूरोच्या भिंतीवर फ्रेम करून लावलेला कागद बहुतेक वेळा गुमास्ता, म्हणजे दुकान-आस्थापनेच्या नोंदणीचा, असतो. त्यावरून दुकान आहे एवढं कळतं. शेजारी आयएसओचं प्रमाणपत्र असेल, तर ते कार्यालयाच्या कामाच्या पद्धतीबद्दल असतं. तुमच्या घरी येणाऱ्या बाईला कॅथेटरची (लघवीच्या नळीची) पिशवी कुठे अडकवायची हे माहीत आहे का, ते दोन्ही कागद सांगत नाहीत.

(ती मूत्राशयाच्या पातळीच्या खाली अडकवायची, पण जमिनीला टेकू द्यायची नाही. व्हीलचेअरवर बसवताना पेशंटच्या मांडीवर ठेवलेली मी स्वतः पाहिली आहे.)

कामांची वाटणी साधारण अशी. इंजेक्शन, सलाइन, कॅथेटर घालणं-बदलणं, जखमेचं ड्रेसिंग, नाकातली नळी घालणं, गळ्यातल्या नळीचं सक्शन (साचलेला कफ ओढून काढणं), ही नर्सची कामं. अंघोळ, स्पंजिंग, डायपर, भरवणं, कूस बदलणं, चालवणं, लघवी किती झाली ते वहीत लिहिणं, ही मावशींची. अडचण होते ती मधल्या कामांत. नाकातल्या नळीतून पातळ जेवण देणं हॉस्पिटलवाले घरच्यांनाही शिकवतात, तेव्हा मावशी शिकू शकतात. पण डोक्याकडची बाजू उंच ठेवली नाही, जेवण झाल्या झाल्या आडवं केलं, किंवा नळी जागेवर आहे का ते न बघता जेवण सोडलं, तर ते फुप्फुसात जाऊ शकतं. म्हणून शिकवणाऱ्या नर्सने समोर उभं राहून दोन-तीनदा करून घ्यावं. गोळ्यांचंही तसंच. घरच्यांनी डबीत वारानुसार लावून ठेवलेल्या गोळ्या मावशींनी हातात देणं वेगळं, आणि ‘आज बीपी जास्त वाटतंय, अर्धी जास्त देते’ हे अगदी वेगळं.

बारा तासांची नर्स ठेवली की सगळं सुरक्षित, असंही मला वाटत नाही. दिवसातून एकदाच टोचायचं असेल, तर नर्स उरलेला वेळ बसून असते आणि डायपर बदलायला सांगितलं की कुरबुर सुरू. खर्च मात्र दुपटीच्या आसपास. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचा खरा धोका पाठ, टाच आणि माकडहाडावर पडून पडून होणाऱ्या जखमांचा (बेडसोअर) असतो. दर दोन तासांनी कूस बदलणारा माणूस तिथे लागतो. आणि त्यासाठी चोवीस तासांची एकच बाई ठेवणं म्हणजे ती झोपणारच नाही असं धरून चालणं. रात्री तीन वाजता बाथरूमला नेताना पेशंट पडतो, तेव्हा दोष त्या ड्यूटीच्या रचनेचा असतो.

ब्यूरोला फोन करताना मी आता कामांची यादी आधी वाचून दाखवते, माणूस नंतर मागते. नर्स असेल तर नोंदणीचा नंबर. मावशी असतील तर पोलीस पडताळणी झाली आहे का, त्या आजारी पडल्या तर बदली किती वाजेपर्यंत येईल, आणि पहिल्या दिवशी त्यांचं काम बघायला कोण येणार. तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी समोर शांतता पसरते.

आमच्याकडे शेवटी असं ठरलं: नोंदणी असलेल्या सिस्टर रोज सकाळी पंधरा मिनिटं येऊन इंजेक्शन देऊन जायच्या आणि त्याच निळ्या अ‍ॅप्रनवाल्या मावशी बारा तास थांबायच्या. सहाव्या दिवशी संध्याकाळी आईचे पाय पुसताना मावशींना टाचेवर लाल डाग दिसला. त्यांनी बोटाने दाबून बघितला, लाली गेली नाही. मला हाक मारली, पोटरीखाली उशी सरकवून टाच अधांतरी केली, आणि म्हणाल्या, ‘सिस्टरांना फोटो पाठवा, ताई. उद्यापर्यंत थांबू नका.’